प्रभाकर बरवे यांची चित्रे : कोश की अन्वय?

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांतील घड्याळ, पान, किल्ली व फळ यांना प्रतीके मानून प्रत्येकाचा अर्थ सांगण्याकडे समीक्षेचा कल दिसतो. घड्याळ म्हणजे काळ, पान म्हणजे निसर्ग, असा एक कोशच जणू सिद्ध होतो.

ही पद्धती सर्वस्वी निराधार नव्हे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतर १९६१ पासून बरवे विणकर सेवा केंद्रात होते. वाराणसीतील वास्तव्यात तांत्रिक आकृतींचा त्यांच्यावर प्रभाव पडला. त्या आकृतींना परंपरेने निश्चित केलेले अर्थ असतात. तेथे कोश चालतो. पुढे मात्र हे संकेत मागे पडून नित्याच्या वस्तू आल्या. एनॅमल रंगांच्या सपाट पृष्ठावर त्या परस्परांपासून अंतर राखून, व्यवहारातील प्रमाण सोडून मांडलेल्या असतात.

शब्दाचे मूल्य इतर शब्दांशी असलेल्या संबंधाने ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. बरव्यांच्या वस्तू हे शब्द होत. परंतु त्यांना जोडणारे विभक्तिप्रत्यय चित्रात नाहीत. ते कार्य मधली रिकामी जागा करते. तीच वस्तू दुसऱ्या चित्रात, दुसऱ्या अंतरावर आली की तिचा अर्थ पालटतो. कोशास हा पालट टिपता येत नाही. आपल्या ग्रंथाला (१९९०) बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे नाव द्यावे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तात्पर्य, येथे शब्दार्थापेक्षा अन्वय महत्त्वाचा. आणि अन्वय लावावयाचा तर प्रथम रिकाम्या जागेकडे पाहिले पाहिजे.