पराकाष्ठेचे चित्र

डेन्मार्कमधल्या रँडर्स गावाजवळ २८ ऑगस्ट १९५५ रोजी मोटोक्रॉसच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत चालू होती. एक स्वार मोटारसायकलवरून फेकला गेला आणि मोगेन्स फॉन हाव्हेन या डॅनिश छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही स्पर्धा सुरू झाली आणि तिचा पहिला सर्वोच्च मान या चित्राला मिळाला. पुढे युद्धे, दुष्काळ आणि निर्वासितांच्या चित्रांसाठी ओळखली गेलेली ही स्पर्धा एका पडणाऱ्या माणसापासून सुरू झाली.

आज आपल्याकडच्या एखाद्या कॅमेरा क्लबने ‘एक्स्ट्रीम ॲक्शन’ असा विषय जाहीर केला की तोच पडणारा माणूस शंभर रूपांत समोर येतो. अशा स्पर्धांची चित्रे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, काही वेळा परीक्षकाच्या खुर्चीतूनही पाहिली आहेत. चिखल उडवत धावणारे बैल, हवेत उलटा झालेला स्केटबोर्डवाला, लाल मातीत गर्रकन फिरवलेला पैलवान, कोसळणारे गोविंदा. चित्रे सुबक असतात, नाकापासून शेपटीपर्यंत सगळे नेमके फोकसमध्ये असते. तरी दहावे चित्र येईपर्यंत पहिले विसरलेले असते. या प्रकाराची आजची अवस्था थोडक्यात सांगायची तर हात तयार झाले आहेत आणि विषयाचा विचार मागे पडला आहे.

याचे एक कारण शब्दातच आहे. ‘एक्स्ट्रीम’ला आपण मराठीत पटकन ‘थरारक’ म्हणतो. थरार हा पाहणाऱ्याचा असतो, करणाऱ्याचा नव्हे. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे, पराकाष्ठा. काष्ठा म्हणजे सीमा. प्रयत्नांची पराकाष्ठा म्हणजे जिथून पुढे अंगात काही उरत नाही ती जागा. स्पर्धेचा विषय या शब्दाने वाचला तर काय टिपायचे, कुठे उभे राहायचे आणि शटर किती वेगाने उघडायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

वेगाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण छायाचित्रणाने सुरुवातीपासून वेगाशीच झुंज घेतली. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला रांगेने कॅमेरे मांडून धावता घोडा टिपला आणि चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे सिद्ध केले. चित्रकार घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले दाखवत. प्रत्यक्षात ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा घोडा अधांतरी असतो. डोळ्याला न दिसणारे कॅमेऱ्याने दाखवले ते इथे. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टनने क्षणमात्र चमकणाऱ्या दिव्यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट दाखवला आणि १९६४ मध्ये सफरचंदातून आरपार जाणारी गोळी थांबवून दाखवली. त्या काळी क्षण गोठवणे हेच ज्ञान होते.

आता ते काम यंत्र करते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेला सोनीचा ए-नाइन थ्री हा कॅमेरा सेकंदाला १२० चित्रे घेतो, त्याचे शटर सेकंदाच्या ऐंशी हजाराव्या भागापर्यंत जाते आणि बटण पूर्ण दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतची चित्रेही तो राखून ठेवू शकतो. म्हणजे क्षण हुकला तरी तो हातात असतो. मी यंत्राच्या विरोधात नाही. खेळाच्या मैदानावर पोटासाठी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार आहे. पण क्षण गोठवला एवढ्याच कौशल्यासाठी स्पर्धेत गुण देण्याचे दिवस आता संपले, हे परीक्षकांनी मनाशी पक्के करायला हवे.

याउलट ज्या चित्रांनी टोकाच्या कृतीला खरा अर्थ दिला, त्यांतली बरीचशी कृतीच्या ऐन क्षणाची नाहीतच. २५ मे १९६५ ला अमेरिकेतल्या लुइस्टन गावी मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची लढत पहिल्याच फेरीत संपली. नील लायफरच्या चित्रात लिस्टन पाठीवर पडला आहे, दोन्ही हात डोक्यामागे गेले आहेत, आणि अली उजवा हात छातीवर आवळून त्याच्यावर ओरडतो आहे. ज्या ठोशाने लिस्टन पडला तो चित्रात नाही. तो ठोसा तिथल्या अनेक प्रेक्षकांना नीट दिसलाही नाही, आणि तो खरा होता का यावर आजही वाद आहे. चित्रात आहे तो विजेत्याचा संताप, पडलेल्या माणसाला ‘ऊठ’ म्हणणारा. अलीच्या दोन पायांमधून पलीकडे एक टकलावलेला छायाचित्रकार दिसतो. तो लायफरचाच सहकारी, पण त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. कुठे बसलात यावर किती अवलंबून असते हे त्या एका चित्रात दिसते. त्या आठवड्याच्या ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर मात्र हे चित्र आले नव्हते. लोकांनी ते पुढे आपणहून मोठे केले.

जेरोम ब्रुइए या छायाचित्रकाराचे चित्र अगदी अलीकडचे. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या सर्फिंगच्या स्पर्धा ताहिती बेटावरच्या तेआहुपो इथे झाल्या. तिथली लाट उथळ प्रवाळावर फुटते, चूक झाली तर अंग सोलून निघते. ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना ती लाट पार करून बाहेर पडला आणि बोट वर करून हवेत उभा राहिला. त्याच्याशेजारी त्याची फळी, तीही तशीच उभी. पाण्यातल्या नावेतून टिपलेल्या या चित्रात पाण्याचा भयंकरपणा जवळजवळ दिसत नाही. दिसते ती स्थिरता, जणू तो तिथे कायमचाच उभा आहे. आधीच्या लाटेचा सगळा जीवघेणा हिशेब त्या स्थिरतेत जमा झाला आहे, म्हणून ते चित्र जगभर गेले.

वेगाचेही असेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत उसेन बोल्ट धावता धावता वळून हसला. कॅमरन स्पेन्सर आणि काय फाफेनबाख या दोन छायाचित्रकारांनी शटर संथ ठेवून, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत ते हसू टिपले. पॅनिंग करताना मागचे सगळे ओघळते आणि एखादाच भाग स्पष्ट राहतो. इथे स्पष्ट राहिला तो चेहरा. बाकीचे धावपटू जिवाच्या आकांताने पळत आहेत आणि एकाला मागे पाहून हसायला उसंत आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठवले असते तर सगळेच पुतळे झाले असते, फरक कळला नसता.

मग नक्कल कुठून सुरू होते? इंडोनेशियात पश्चिम सुमात्रातल्या भातशेतीत ‘पाचू जावी’ नावाचा खेळ होतो. दोन बैलांना बांधलेल्या लाकडी नांगरावर अनवाणी उभा राहून माणूस चिखलातून सुटतो आणि वेग वाढावा म्हणून बैलाची शेपटी दातात धरतो. मलेशियाच्या वेई सेंग चेन यांच्या अशाच चित्राला २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या क्रीडा विभागात पहिले पारितोषिक मिळाले. त्या चित्राचे नावच धाव संपतानाच्या आनंदाचे आहे. जीव वाचल्याचा जो सुटकेचा आनंद त्या चेहऱ्यावर आहे, तो त्या चित्राचा प्राण. नंतर छायाचित्रांच्या सलॉनांच्या यादीत चिखल आणि बैल यांची जी रांग लागली, तिच्यात चिखल तेवढा शिल्लक राहिला. आपल्याकडे कोकणातल्या नांगरणी स्पर्धांची आणि घाटावरच्या बैलगाडा शर्यतींची चित्रे याच साच्यात ओतली जातात. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. बंदीच्या सगळ्या काळात गाडामालकाने बैल पोसला, रोज फिरवला, न पळणाऱ्या बैलाला मुलासारखे खाऊ घातले. त्या वर्षांचे एकही चित्र कुठल्या स्पर्धेत पाहिल्याचे मला आठवत नाही.

या विषयात सर्वांत गंभीर दोष मात्र नकलेचा नाही, घडवून आणण्याचा आहे. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ मध्ये कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले. जानेवारी २०१० मध्ये ते बाद झाले, कारण तो लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना दिसली. छायाचित्रकाराने हे नाकारले, पण निर्णय कायम राहिला. उडी तीच, प्रकाश तोच, आणि तरी चित्र कोसळले, कारण टोकाच्या कृतीचे मोल ती खरी असण्यात असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवा तितका थरार घरबसल्या तयार करता येतो, म्हणून आता स्पर्धा रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ नोंद, मागतात. ते योग्यच आहे. पण रॉ फाइल एवढेच सांगते की हे कॅमेऱ्यासमोर घडले. कॅमेऱ्यासाठी घडवले का, हे ती सांगत नाही. ‘अजून एकदा उडी मार, या वेळी कड्याच्या थोडा जवळून’ असे म्हणणारे आवाज मी सह्याद्रीत स्वतः ऐकले आहेत.

इथे अमेरिकेतल्या योसेमिटीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. ३ जून २०१७ रोजी गिर्यारोहक ॲलेक्स होनल्ड दोराशिवाय एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा चढला, तीन तास छप्पन्न मिनिटांत. जिमी चिन आणि त्याचे साथीदार चित्रीकरण करत होते. आपल्या हालचालीने मित्राचे लक्ष विचलित झाले तर तो पडेल, ही भीती त्यांना महिनोन्‌महिने होती. म्हणून चढाईतल्या सर्वांत अवघड जागी त्यांनी माणूस ठेवलाच नाही, दूरनियंत्रित कॅमेरे ठेवले. जिथे सर्वांत मोठे चित्र होते तिथून छायाचित्रकार स्वतःहून बाजूला झाले. याला मी या कलेतली जाण म्हणतो.

आता घरच्या अंगणातली दहीहंडी. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. स्पर्धेतल्या दहीहंडीच्या चित्रांत नेहमी दोनच गोष्टी असतात, सगळ्यांत वरचा एक्का आणि कोसळणारे थर. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवायचे नाही, ही गोष्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ठरली. तेव्हा वरच्या पोराचे वय किती, हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे, चित्र कितीही चांगले असो.

पण मला सांगायचे आहे ते खालच्या थराबद्दल. लालबागच्या एका गल्लीत मी रात्रीचा सराव पाहिला आहे. खालची माणसे एकमेकांच्या खांद्यांत हात गुंफतात, मान खाली घालतात आणि तोंडे आत करतात. त्यांना वरचे काही दिसत नाही. दिसते ती समोरच्याची छाती आणि रस्त्यावरचे गटाराचे झाकण. किती थर लागले हे त्यांना मोजून कळत नाही, वजनावरून कळते. पाचवा लागला तेव्हा माझ्यासमोरच्या माणसाची पोटरी थरथरू लागली. पावलाची बोटे डांबराला आवळून धरली होती. वर कुणीतरी ओरडले, खाली कुणी बोलले नाही. थर उतरल्यावर त्याच्या खांद्यावर वरच्याच्या टाचेचा लाल ठसा उमटलेला दिसला, आणि तो पाण्याची बाटली घेऊन कठड्यावर बसला.

खालच्या थराचे असे चित्र मी एकदाच पाहिले आहे, एका लहानशा प्रदर्शनात. शटर इतके संथ ठेवले होते की ताणलेल्या पोटऱ्या पुसट झाल्या होत्या आणि गुंफलेले हात दगडासारखे स्पष्ट होते. वरचे थर चौकटीत नव्हतेच. पराकाष्ठा म्हणजे काय हे त्या चित्राने एका दमात सांगितले. त्याला बक्षीस मिळाले नव्हते.

का मिळाले नव्हते, हे मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो तेव्हा कळले. पडद्यावर एक चित्र काही सेकंद थांबते, गुण द्यायचे, पुढचे चित्र. एवढ्या वेळात उलटा झालेला माणूस जिंकतो, थरथरणारी पोटरी हरते. म्हणून क्लबांना माझी विनंती आहे की असा विषय ठेवाल तेव्हा शेवटच्या फेरीतली चित्रे छापून टेबलावर मांडा, परीक्षकांना त्यांच्यासमोर अर्धा तास उभे करा, आणि छायाचित्रकाराकडून चार ओळी मागा: हे कुठे घडले, कुणी केले, आणि त्यात तुमचा हात किती होता.

आणि ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांनी यंदा हंडीच्या दिवशी मचाणावर जागा शोधू नये. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो, कामावरून सुटलेली माणसे रात्री जेवणाआधी गल्लीत जमतात, आणि खालच्या थराशेजारी उभे राहायला तिथे भरपूर जागा असते.