म्यी (आम्ही)
यिव्ह्‌गेन्यी झम्यातिन (१८८४–१९३७) ह्या रशियन साहित्यिकाची विख्यात कादंबरी. लेखनकाल १९२०–२१. सोव्हिएट रशियात प्रकाशनाची अनुमती न मिळाल्याने ती प्रथम इंग्रजी अनुवादरूपाने १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. मूळ रशियन संहिता संपूर्णपणे १९५२ मध्ये न्यूयॉर्कला आणि सोव्हिएट रशियात १९८८ मध्ये प्रकाशित झाली.

कादंबरीतील ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. घरे काचेची, उठणे, जेवणे, फिरणे ह्यांच्या वेळा ठरलेल्या, प्रत्येक घास पन्नास वेळा चावण्याचाही नियम. हरित भिंतीपलीकडचे रान निषिद्ध होय. ‘इंटिग्रल’ ह्या अवकाशयानाचा रचनाकार डी-५०३ राज्याच्या गौरवार्थ रोजनिशी लिहू लागतो. तिच्या चाळीस नोंदी म्हणजेच ही कादंबरी.

डी-५०३ चे जागे होणे हा कादंबरीचा गाभा असून त्याचे चित्रण असाधारण आहे. तो बंडखोर नाही. आज्ञापालनात त्याला खरोखरीचे सुख लाभते. आय-३३० ह्या स्त्रीच्या सहवासात त्याच्या ठायी निर्माण झालेली अस्वस्थता त्याला रोगच वाटते आणि वैद्यही त्याच्यात आत्मा उत्पन्न झाल्याचे निदान करतो. हे परिवर्तन विचारांआधी भाषेत प्रकटते. आरंभीची नेमकी, गणिती वाक्ये पुढे तुटू लागतात. शालेय वयात त्याला रडविणारे उणे एकचे वर्गमूळ मनातील अगणनीय अंशाचे प्रतीक बनते. ‘आम्ही’ म्हणत लिहिणारा हा माणूस नकळत ‘मी’ म्हणू लागतो. राज्यस्तुतीसाठी हाती घेतलेली रोजनिशीच अशा रीतीने त्याच्या व्यक्तित्वाची जन्मभूमी ठरते.

तथापि ही जागृती टिकत नाही. बंडखोरांना आपण केवळ यानाचा रचनाकार म्हणूनच हवे होतो, हा संशय राज्याचा ‘उपकारकर्ता’ त्याच्या मनात पेरतो. पुढे त्याला पकडून शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती नष्ट केली जाते. तत्पूर्वी, विश्व सान्त असल्याचे सिद्ध करणाऱ्या शेजाऱ्याला तो विचारतो, की ते जेथे संपते त्यापलीकडे काय आहे? हा त्याचा अखेरचा स्वतंत्र प्रश्न होय. अखेरच्या नोंदीत तो आय-३३० चा छळ निर्विकारपणे पाहतो. ती मात्र एक शब्दही बोलत नाही. आत्मा गमावलेल्या निवेदकाची ही शांत, सुव्यवस्थित भाषा सर्वांत भयावह ठरते, कारण काय नाहीसे झाले हे आता केवळ वाचकालाच कळते.

ही कादंबरी केवळ सोव्हिएट राजवटीचा उपहास करते, असे मानणे अपुरे आहे. झम्यातिन स्वतः नौका-अभियंता होता. १९१६–१७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने हिमभंजक जहाजांच्या बांधणीवर देखरेख केली होती. एकराज्यातील पूज्य विचारवंत अमेरिकन कार्यव्यवस्थापनतज्ञ टेलर हा आहे, ही बाब सूचक आहे. अंतिम संख्या नसते, तशीच अंतिम क्रांतीही नसते, हा आय-३३० चा युक्तिवाद परिपूर्णतेचा दावा करणाऱ्या सर्वच व्यवस्थांना लागू पडतो. आय-३३० ची व्यक्तिरेखा मात्र काहीशी प्रतीकात्मकच राहते. तिच्या तुलनेत, डी-५०३ पासून राहिलेल्या अनधिकृत गर्भासह भिंतीपलीकडे जाणारी ओ-९० अधिक जिवंत वाटते. नायकाच्या अल्पकालीन जागृतीचे तेवढेच फळ शेष उरते.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये ह्या कादंबरीचे परीक्षण लिहिले. त्याच्या नाइन्टीन एटी-फोर (१९४९) वर तिचा प्रभाव दिसतो. लेखनबंदी असह्य होऊन झम्यातिनने १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून देशत्यागाची अनुमती मिळविली. पॅरिस येथे तो निधन पावला.