उष्णताविद्युत शीतनासाठी वीजपुरवठ्याची निवड : एक चिकित्सक विचार

बीजशब्द : पेल्टिए परिणाम, उष्णताविद्युत मॉड्यूल, एसएमपीएस, तरंग, दवबिंदू

प्रस्तावना

दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह गेला असता सांध्यापाशी उष्णता शोषली जाते किंवा बाहेर पडते, हे झां पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1834 मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावर चालणारी चपटी मॉड्यूल्स आज बाजारात अल्प किमतीत मिळतात. संगणकाच्या प्रोसेसरला त्यांच्या साहाय्याने थंड करणे हा विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प-विषय आहे. मात्र अशा प्रकल्पांत मॉड्यूल, हीटसिंक व पंखा यांवर जेवढा विचार होतो तेवढा वीजपुरवठ्यावर होत नाही. ‘12 व्होल्टचा एसएमपीएस वापरला’ एवढ्या एका वाक्यात हा भाग उरकला जातो. वस्तुतः प्रयोगाचे यशापयश बहुतांशी याच वाक्यात दडलेले असते. प्रस्तुत लेखात या प्रचलित पद्धतीची चिकित्सा करावयाची आहे.

कमाल क्षमतेचा गैरसमज

पहिला दोष मॉड्यूलवरील आकडे वाचण्यात आहे. टीईसी1-12706 या सर्वपरिचित मॉड्यूलच्या नावातील 127 हा आकडा अर्धवाहकांच्या जोड्यांचा असून 06 हा कमाल प्रवाह, म्हणजे 6 अँपिअर, दर्शवितो. त्याची कमाल शीतनक्षमता सुमारे 50 वॅट सांगितली जाते. परंतु ही क्षमता दोन्ही बाजूंच्या तापमानांत काहीही फरक नसतानाची आहे, आणि कमाल तापमानफरक हा उष्णता मुळीच वाहून न्यावयाची नसतानाचा आहे. हे दोन्ही आकडे एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

शोषलेली उष्णता तीन पदांनी ठरते. पेल्टिए पद प्रवाहाच्या समप्रमाणात वाढते. त्यातून रोधामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेचा अर्धा भाग वजा होतो, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे परत झिरपणारी उष्णता हे तिसरे पद होय. म्हणून प्रवाह जितका अधिक तितके शीतन अधिक, हा समज चुकीचा ठरतो.

एक उदाहरण

सीबेक गुणांक 0.05 व्होल्ट प्रति केल्व्हिन, रोध 2 ओहम व उष्णतावाहकता 0.5 वॅट प्रति केल्व्हिन अशी या मॉड्यूलची ढोबळ मूल्ये घेऊ. उष्ण बाजू 50 अंश व थंड बाजू 30 अंश सेल्सिअस मानू. 12 व्होल्टला 5.5 अँपिअर प्रवाह वाहतो, सुमारे 43 वॅट उष्णता शोषली जाते आणि 66 वॅट वीज खर्च होते. म्हणजे हीटसिंकला एकूण 109 वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. 6 व्होल्टला प्रवाह 2.5 अँपिअर, शीतन सुमारे 21.6 वॅट आणि खर्च केवळ 15 वॅट. शीतन निम्मे होते, पण खर्च चौथाईहूनही कमी.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, दोन मॉड्यूल्स एकसरीत जोडून त्याच 12 व्होल्टवर चालविल्यास तेच 43 वॅट शीतन 30 वॅट विजेत साधते. मोठा वीजपुरवठा शोधण्यापेक्षा एक मॉड्यूल वाढविणे अधिक शहाणपणाचे ठरते, ते यामुळेच.

तरंगाची उपेक्षा

दुसरा दोष नियंत्रणाचा. प्रवाह कमी करण्यासाठी अनेकजण 12 व्होल्टचा पुरवठा वेगाने चालू-बंद करतात. वरील उदाहरणात निम्मा काळ चालू ठेवल्यास शीतन 16.5 वॅट मिळते आणि खर्च 33 वॅट होतो. तेच काम स्थिर 6 व्होल्ट अधिक चांगले करतो, आणि तेही निम्म्याहून कमी विजेत. कारण पेल्टिए पद सरासरी प्रवाहावर, तर रोधातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या सरासरीवर अवलंबून असते. म्हणून स्पंदित पुरवठ्यापुढे वेटोळे व धारित्र यांची गाळणी जोडणे आवश्यक आहे. तरंग 10 टक्क्यांच्या आत असल्यास कमाल तापमानफरकातील घट सुमारे 1 टक्काच राहते. अर्थात, एवढ्यासाठी महागडा पुरवठा घेण्याचे कारण नाही.

निवड व सुरक्षितता

एका मॉड्यूलसाठी 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस पुरेसा आहे. आरंभी तापमानफरक नसल्याने प्रवाह 6 अँपिअरपर्यंत जातो, हे ध्यानात ठेवावे. संगणकाच्याच पुरवठ्यातून ही वीज घेणे सोयीचे असले, तरी त्याच्या 12 व्होल्टच्या वाहिनीवर किती भार शिल्लक आहे हे आधी तपासले पाहिजे. स्वतंत्र पुरवठा घेतल्यास वेगळाच धोका उद्भवतो. संगणक चालू आणि मॉड्यूल बंद राहिल्यास 40 वॅट उष्णता निष्क्रिय मॉड्यूलमधून जाण्यासाठी 80 अंशांचा फरक लागतो. म्हणजे मॉड्यूल आता अडसर बनते. उलट, मॉड्यूल चालू आणि संगणक बंद असल्यास थंड पृष्ठावर दव साचते. 30 अंश तापमान व 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेला दवबिंदू सुमारे 24 अंश असतो. कोकणातील पावसाळ्यात ही अडचण किती जवळची आहे, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून दोन्ही पुरवठे एकत्रच चालू-बंद होतील अशी रिलेची जोडणी आणि हीटसिंकवर तापमान-स्विच या बाबी ऐच्छिक मानता येत नाहीत.

उद्योगक्षेत्राचा अनुभवही बोलका आहे. इंटेलने 2020 मध्ये प्रोसेसरसाठी आणलेल्या क्रायो कूलिंग तंत्रात दवबिंदूवर लक्ष ठेवून मॉड्यूलची वीज नियंत्रित केली जात असे. पुढे 2023 मध्ये कंपनीने हे तंत्र बंद केले.

समारोप

प्रकल्पाचे मूल्यमापन करताना ‘तापमान किती उतरले?’ या प्रश्नाबरोबरच ‘किती वॅट उष्णता वाहून नेली आणि त्यासाठी किती वॅट वीज लागली?’ हा प्रश्न प्राध्यापकांनी विचारावयास हवा. प्रोसेसरच्या उष्णतेपेक्षा मॉड्यूलची स्वतःची उष्णताच अधिक होत असेल, तर साधा पंखा व चांगला हीटसिंक श्रेष्ठ, असा निष्कर्ष विद्यार्थ्याने निःसंकोचपणे मांडावा. आकड्यांनी सिद्ध झालेला नकारही प्रयोगाचे फलितच असतो, आणि त्याला पूर्ण गुण देण्याची तयारी परीक्षकांनी ठेवली पाहिजे.