वर्षाची निवड आणि भाषेचा निकष : २०१५ मधील चार भारतीय चित्रपट

वर्षअखेरीस आपल्या आवडत्या चित्रपटांची यादी करणे हा चित्रपटरसिकांचा जुना छंद आहे. समीक्षेच्या शिस्तीत मात्र अशा यादीला सहसा स्थान दिले जात नाही. ती व्यक्तिगत आवडीवर आधारलेली असते, तिच्यात क्रम असतो पण युक्तिवाद नसतो, आणि बारा महिन्यांची तिची चौकट कलाकृतीच्या दृष्टीने आकस्मिक असते, असे आक्षेप तिच्यावर घेतले जातात. हे आक्षेप मान्य केले तरी एक गोष्ट उरते. निवड करणाऱ्याला कोणत्या तरी निकषावर एक कृती घ्यावी लागते आणि दुसरी सोडावी लागते. तो निकष उघडपणे मांडला, तर यादी तौलनिक समीक्षेची पहिली पायरी ठरू शकते. २०१५ या वर्षातील माझी निवड येथे याच हेतूने मांडत आहे.

प्रथम ‘वर्ष’ या संज्ञेचा विचार करावा लागतो. ‘कोर्ट’, ‘काक्का मुट्टै’, ‘आसा जाओयार माझे’ आणि ‘किल्ला’ या चारही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते २०१४ या वर्षासाठी. सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर ते आले २०१५ मध्ये. उलट राम रेड्डी यांचा कन्नड ‘तिथि’ २०१५ मध्ये लोकार्नो महोत्सवात आणि वेट्रिमारन यांचा तमिळ ‘विसारणै’ त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात गाजला. चित्रपटगृहांत ते लागले २०१६ मध्ये. निर्मिती, परीक्षकांची मान्यता आणि प्रेक्षकांकडून होणारे ग्रहण यांची कालगणना अशी वेगवेगळी असते. साहित्याच्या इतिहासलेखनातही लेखनकाल, प्रकाशनकाल आणि वाचनकाल यांत हाच पेच असतो. मी ग्रहणाचे वर्ष प्रमाण मानले आहे. त्यामुळे ‘तिथि’ आणि ‘विसारणै’ हे दोन्ही महत्त्वाचे चित्रपट निवडीबाहेर राहतात.

आता निकषाकडे वळू. २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘कोर्ट’, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘किल्ला’. वास्तविक ‘कोर्ट’ही मराठीच चित्रपट म्हणून ओळखला जातो. एकाच भाषेतील दोन कृतींपैकी एक ‘राष्ट्रीय’ आणि दुसरी ‘प्रादेशिक’ ठरावी, हे वर्गीकरण कलाकृतीविषयी फार थोडे सांगते. भाषा आणि राष्ट्र यांच्या श्रेणीबद्ध कल्पनेविषयी मात्र बरेच सांगते. चित्रपटाला एक भाषा असते आणि ती त्याच्या नावापुढे कंसात लिहिता येते, हे त्यामागचे गृहीत आहे. माझ्या निवडीचा निकष या गृहीताला छेद देतो. बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, कोणाचे बोलणे नोंदले जाते आणि कोणाचे वाया जाते, हा प्रश्न जे चित्रपट आपल्या रचनेतूनच उभा करतात, ते मी निवडले आहेत.

जुलै २०१५ मधील तीन लागोपाठचे शुक्रवार या दृष्टीने बोलके आहेत. १० जुलैला ‘बाहुबली : द बिगिनिंग’, १७ जुलैला ‘बजरंगी भाईजान’ आणि २४ जुलैला ‘मसान’ प्रदर्शित झाले. तेलुगू व तमिळमध्ये चित्रित झालेला ‘बाहुबली’ हिंदी आणि मल्याळममध्ये भाषांतरित ध्वनीसह आला. या प्रक्रियेत माहिष्मतीचे सारे लोक प्रेक्षकाची भाषा बोलतात. परकी भाषा उरते ती फक्त कालकेय या शत्रुटोळीची. तिच्यासाठी मदन कार्की यांनी ‘किलिकी’ नावाची नवी भाषा रचली. आपल्यात भाषाभेद नाहीच आणि न कळणारी भाषा ती शत्रूची, ही या भव्य पटामागची भाषिक कल्पना आहे. २०१५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. त्याची दृश्यशक्ती मी नाकारीत नाही. परंतु माझ्या निवडीतील चित्रपट नेमक्या याच्या उलट दिशेने जातात.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे तो त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिल्याचा. काव्यातील वाक्य शब्दशः आदेश म्हणून वाचणारा हा खटला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वाचनपद्धतीचा खटला म्हणूनही पाहावे. न्यायालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकत्र नांदतात, पण समान दर्जाने नांदत नाहीत. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, न्यायाधीश त्याचा इंग्रजी गोषवारा सांगतात आणि नोंद होते ती त्या गोषवाऱ्याची. मृत कामगाराची पत्नी साक्ष देते तेव्हा, गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून झुरळे बाहेर येतात का हे तो पाहत असे, हा तपशील समोर येतो. एका जगण्याचे संपूर्ण ज्ञान त्यात साठलेले आहे. कज्जाच्या भाषेत ते एक किरकोळ विधान ठरते. भाषांतर हे सत्तेचे साधन कसे होते, याचे इतके संयत उदाहरण आपल्याकडील वैचारिक ग्रंथांतही क्वचित सापडेल. दूरवर स्थिर ठेवलेला कॅमेरा कोणाचीही बाजू मांडत नाही, म्हणूनच ही विषमता पाहणाऱ्याला स्वतः शोधावी लागते.

एम. मणिकंदन यांच्या ‘काक्का मुट्टै’मध्ये चेन्नईच्या झोपडवस्तीतील दोन भाऊ कावळ्याची अंडी खातात आणि ‘मोठे’ व ‘धाकटे’ कावळ्याचे अंडे याच नावांनी वावरतात. ज्या मैदानातील झाडावर ती अंडी मिळत, तेथे पिझ्झाचे दुकान उभे राहते. पुढे हवी असलेली वस्तू, तिची २९९ रुपये ही किंमत आणि तिची चित्रे आधी येतात. चव कितीतरी नंतर येते. म्हणजे त्या मुलांपुढे प्रथम एक शब्दच असतो, आणि रुळांलगतचा कोळसा वेचून ती त्या शब्दाचा अर्थ विकत घेऊ पाहतात. पैसे आणि नवे कपडे मिळवूनही दारात चपराक बसते. पुढे त्यांच्याविषयी सर्वत्र बोलले जाते, पण त्या बोलण्यात त्यांना स्थान नसते. शेवटी पिझ्झा चाखल्यावर त्यांना दिवंगत आजीचा डोसाच सरस वाटतो. हा शेवट सुखद आहे आणि काहीसा सोयीचाही. तरी निर्णयाचे वाक्य मुलांच्या तोंडी जाते, हे महत्त्वाचे.

नीरज घेवान दिग्दर्शित आणि वरुण ग्रोवर लिखित ‘मसान’मध्ये बनारसच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातील दीपक आणि कविता वाचणारी शालू यांचे प्रेम आहे. शालूकडे उर्दू शायरीचा वारसा सहज आहे, दीपकला तो कष्टाने जवळ करावा लागतो. दुष्यंतकुमारांच्या एका शेरावरून गाण्याचे धृपद घेऊन चित्रपटानेही तो वारसा आपलासा केला आहे. परंतु आपण कोण हे सांगण्याची वेळ येते तेव्हा कोणताही शेर दीपकच्या उपयोगी पडत नाही. जात उच्चारावीच लागते. काव्याची भाषा प्रेमाला वाट देते आणि समाजाच्या भाषेपुढे थांबते, ही जाणीव मला या चित्रपटाचे मर्म वाटते. दोन्ही कथानकांना संगमावर एका नावेत आणणारा शेवट मात्र प्रतीकाच्या मोहाला बळी पडला आहे. दोन दुःखे शेजारी ठेवणे पुरेसे होते.

आदित्य विक्रम सेनगुप्ता यांच्या ‘आसा जाओयार माझे’ या बंगाली चित्रपटात पती-पत्नी एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. मंदीच्या काळातील कोलकात्यात ती दिवसा कारखान्यात आणि तो रात्री छापखान्यात काम करतो. इतालो काल्विनो यांच्या विवाहित जोडप्याच्या कथेवरून चित्रपटाला प्रेरणा मिळाली. काल्विनोच्या दांपत्याला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन भेटी मिळतात. सेनगुप्तांनी सकाळची एकच ओझरती भेट ठेवली आणि संवाद काढून टाकला. रूपांतराने येथे मूळ कथेत भर घालण्याऐवजी तिच्यातून वजाबाकी केली आहे. कामाच्या पाळ्यांनी भाषेसाठी वेळच ठेवलेला नाही, हा आशय त्यातून ठसतो. धान्य, पाणी, भिंती यांच्या अतिसुंदर प्रतिमांमुळे श्रमाचा शीण कधी कधी शोभेचा होतो, हा दोषही नोंदवला पाहिजे.

या निकषाची किंमतही सांगितली पाहिजे. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ त्यामुळे निवडीबाहेर राहिला. कोकणातील पाऊस, समुद्र आणि वडील गमावलेल्या मुलाचे एकटेपण यांचा तो उत्कट अनुभव आहे, परंतु त्याचे सामर्थ्य नजरेत आहे, वाणीच्या प्रश्नात नाही. दुसऱ्या निकषावर तो अग्रभागी येईल. शिवाय तमिळ चित्रपट मी इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहिला. वस्तीतील मुलांची बोली आणि दुकानदाराची बोली यांतील अंतर त्या एकसुरी इंग्रजीत पुसले जाते. न्यायाधीशांच्या गोषवाऱ्यासारखेच उपशीर्षकही सांगण्यासारखे तेवढे निवडते. जो प्रश्न मी चित्रपटांना विचारतो, तो माझ्या पाहण्यालाही लागू आहे.

‘भारतीय चित्रपट’ ही संज्ञा आपण बहुधा भाषावार याद्यांची बेरीज म्हणून वापरतो, किंवा सर्व भाषांत ध्वनिमुद्रित होणाऱ्या एखाद्या भव्य कृतीला ती बहाल करतो. पहिल्या पद्धतीत भाषा शेजारी राहतात पण एकमेकींशी बोलत नाहीत. दुसरीत भाषाभेद अडथळा ठरून नाहीसा केला जातो. वरील चार चित्रपट तिसरी शक्यता सुचवतात. भाषांमधील अंतर आणि उतरंड हाच त्यांचा विषय आहे, म्हणून ते एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. तौलनिक साहित्याने चित्रपटाकडे वळताना रूपांतराच्या परिचित अभ्यासापुरते न थांबता या अंतरांचा शोध घ्यावा, एवढेच या वैयक्तिक निवडीच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.