हिरवा रंग आणि पाण्याचा निचरा

सिंचनाला योग्य जमीन नकाशावर ठरवण्याची रीत आता रुळली आहे. उतार, मातीची खोली, निचरा, पाण्यापासूनचे अंतर असे थर संगणकात एकमेकांवर ठेवायचे, प्रत्येकाला गुण व भारांक द्यायचे आणि बेरजेला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे योग्य, तांबडा म्हणजे अयोग्य. रीत स्वस्त व झटपट आहे. तिची उलटतपासणी मात्र क्वचितच होते.

बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा घेऊ. बेसाल्टचा प्रदेश, उंचवट्यावर उथळ मुरमाड जमीन, नाल्यांच्या काठी खोल काळी. समजा, अशा एका काळ्या शेताला उतार, खोली आणि पाण्याचे अंतर यांसाठी दहापैकी ९-९ गुण मिळाले, निचऱ्याला २. भारांक सारखे धरले तर सरासरी ७.२५. शेत हिरवे! तीन विषयांत नव्वद टक्के मिळवून गणितात नापास झालेल्या विद्यार्थ्याला आपण असे उत्तीर्ण करीत नाही. अन्न व शेती संघटनेच्या १९७६ च्या मूल्यमापन-चौकटीतही सर्वांत प्रतिकूल घटकावरून वर्ग ठरवण्याचा मार्ग दिलेला आहे. सरासरीचा मोह संगणकाने सोपा केला, इतकेच.

मातीचा थर बहुधा १:२,५०,००० प्रमाणावरचा असतो. त्यावरचा एक चौरस मिलिमीटर म्हणजे ६.२५ हेक्टर. त्याच्यावर सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर ठिपक्याची प्रतिमा ठेवली, तरी मातीची माहिती बारीक होत नाही; नकाशा तेवढा बारीक दिसतो. शिवाय ही प्रतिमा वरचा पापुद्रा पाहते. मीटरभर खालचा चुनखडीचा थर तिला दिसत नाही.

याहून गंभीर आक्षेप असा, की हे नकाशे आजची जमीन मोजतात, आणि सिंचन तर जमीनच बदलते. याचा पुरावा याच जिल्ह्यात, शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. (ही तापीला मिळणारी पूर्णा, देऊळगाव राजा तालुक्यातली खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातली. नकाशा वाचताना मुले इथे हमखास गोंधळतात.) कोरड्या हवामानात मातीतले कॅल्शियम चुनखडी होऊन साचते, मातीच्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढते, चिकणमातीचे कण फुगून सुटे होतात आणि छिद्रे बुजतात. जमीन चोपण होते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण समजावी, ही १९५४ सालची अमेरिकी मर्यादा. आपल्या काळ्या जमिनीत त्याहून पुष्कळ कमी सोडियमलाही निचरा बिघडतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विदर्भातल्या काळ्या जमिनींची योग्यता थेट पाणी वाहून नेण्याच्या क्षमतेवरून जोखली गेली. कापसासारख्या खोल मुळांच्या पिकासाठी हा निकष उपयुक्त ठरला.

तेव्हा निचऱ्याला एक भारांक देऊन भागणार नाही. तो आधी, वेगळा तपासावा आणि तिथे नापास झालेले शेत बेरजेत येऊच नये. पाणी सोडल्यावर निचरा कसा राहील, याचा अंदाजही नकाशासोबत छापावा. नाहीतर कालव्याचे पाणी हिरव्या रंगाच्या भरवशावर वळवले जाईल आणि चोपण झालेली जमीन सुधारण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येईल.

शाळेत एक चाचणी सहज होते. शेतातले वाळलेले छोटे ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ नुसते फुटून खाली बसले तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ, गढूळ वलय पसरले तर कण सुटे होत आहेत. वरची माती आणि मीटरभर खालची माती अशा दोन पेल्यांत पाहावे. पुष्कळदा उत्तरे वेगळी येतात.