सायप्रिस सबग्लोबोसा : एका नांवाची पुनर्परीक्षा

मूळ पोथी न पाहतां एका टीकेवरून दुसरी टीका उतरावी, तसा प्रकार एका क्षुद्र कवचाच्या बाबतींत दीडशेंहून अधिक वर्षें चालला. माल्कमसन यांच्या दक्षिणेंतील भूस्तरांवरील निबंधांत १८४० सालीं सोवर्बी यांनीं 'सायप्रिस सबग्लोबोसा' या ऑस्ट्राकोडाचें वर्णन दिलें. दोन शिंपल्यांत राहणारा हा जलचर बहुधा मिलिमीटरभर लांब असतो. पुढें तेंच नांव देशोदेशींच्या, निरनिराळ्या काळच्या थरांतील कवचांना, इतकेंच काय, आजच्या तळ्यांतील जिवंत प्राण्यांनाही लागलें. न्यायशास्त्रांत यास अतिव्याप्ति म्हणतात. जें कवच सर्व काळीं सांपडतें, त्यावरून थराचें वय तें काय ठरणार?

व्हाट्ली, बाजपेयी व व्हिटेकर यांचा २००३ चा निबंध आम्हांस मोलाचा वाटतो तो याकरितां, कीं ते सोवर्बीच्या मूळ नमुन्यांकडे गेले. बाह्य फुगीरपणा सारखा दिसला म्हणून जाति एक होत नाहीं. शिंपल्याची आंतील कड व स्नायूंच्या खुणा पाहाव्या लागतात. शिवाय हा प्राणी वाढतांना आठ वेळां कवच टाकतो. त्यामुळें एकाच जातीचीं लहानमोठीं कवचें एकत्र पडतात. एकाच कारकुनाचा घाईचा व सावकाशीचा मोडी हात दोन माणसांचा समजणारे आम्ही पाहिले आहेत, आणि तरुणपणीं स्वतःही तसे फसलों आहों. निबंधाचा निर्णय असा, कीं सोवर्बीची खरी जाति भारतीय द्वीपकल्पापुरतीच असून इतरत्रच्या नोंदी चुकीच्या होत. हें आम्हांस मान्य आहे.

परंतु जाति येथलीच ठरली, कीं चीन-मंगोलियाच्या थरांशीं मेळ घालण्यास ती निरुपयोगी. थरावरून कवचाचें आणि पुन्हां कवचावरून थराचें वय काढूं लागल्यास अन्योन्याश्रय दोष येतो. बाहेरचा साक्षी पाहिजे. कोठें परागकण, कोठें डायनासोरांचे दांत. छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथें तर समुद्रच साक्षीस आला. केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ मध्यें तेथील लाव्ह्यांमधील थरांत गोड्या पाण्याच्या ऑस्ट्राकोडांबरोबर समुद्रांत तरंगणारे फोरामिनिफेरा दाखविले. ते डेनियनच्या आरंभींचे, म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सीमेनंतरचे निघाले. या समुद्री जीवांची काळमालिका जगभर ताडून पाहिलेली असल्यानें ही मिती स्वतंत्र आहे. तेव्हां परिचित कवचें दिसतांच कोणताही थर सरसकट मास्ट्रिक्टियन म्हणून लावणें यापुढें चालणार नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं नागपूरकडील अशा दगडांच्या जुन्या पुड्या असतील, त्यांनीं गांव, ओढा आणि वरखालचे लाव्हे यांची नोंद पुडीवर आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें.