रोजच्या स्वयंपाकाचें वाङ्मय

आपल्या वाङ्मयसमीक्षेनें काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, इतकेंच काय पण कोश आणि व्याकरणें यांचाही परामर्श घेतला आहे. परंतु मध्यमवर्गीय घरांत जें पुस्तक सर्वांत अधिक वेळां उघडलें जातें, त्या पाकशास्त्राच्या पुस्तकाकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. ग्रंथांच्या कपाटांत त्याला जागा नसते. तें स्वयंपाकघरांतल्या फळीवर, डब्यांच्या आड, हळदीचे व तेलाचे डाग अंगावर वागवीत उभें असतें. ज्या ग्रंथाचा इतका उपयोग होतो त्याची परीक्षा मात्र होऊं नये, हें मला अलीकडे चमत्कारिक वाटूं लागलें आहे. ती परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय सुचण्याचें निमित्त घरगुती आहे, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गेल्या वर्षीं जूनच्या आरंभीं माझ्या पत्नीचा उजवा हात मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्यें राहिला. मुलगी नोकरीनिमित्त परगांवीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मजसारख्या गृहस्थास वयाच्या छपन्नाव्या वर्षीं विळीसमोर बसावें लागलें. शिक्षकाचा स्वभाव असा, कीं कोणतीही अडचण आली म्हणजे तो आधीं पुस्तक शोधतो. मीं फळीवरून कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' खालीं घेतली, तींतून मटारची एक कृति निवडली, साहित्याची यादी कागदावर उतरून घेतली आणि पिशवी घेऊन मंडईंत गेलों. जूनमध्यें मटार कोणत्या भावानें मिळतो याची मला कल्पना नव्हती. आमच्या नेहमींच्या भाजीवालीनें माझ्या हातांतला कागद पाहिला आणि ती म्हणाली, "काका, चिठ्ठी ठेवा खिशांत. आज काय आलंय तें आधीं बघा, मग काय करायचं तें ठरवा. काकू तसंच करतात."

पाकशास्त्रावर इतकी नेमकी टीका मीं तोंपर्यंत वाचली नव्हती. पुस्तक पदार्थापासून निघतें आणि सामग्रीकडे जातें. घर सामग्रीपासून निघतें आणि पदार्थाकडे जातें. सणाच्या दिवशीं पुस्तकाचा क्रम चालतो, कारण त्या दिवशीं पुरण करावयाचें हें आधींच ठरलेलें असतें. उरलेले तीनशेंहून अधिक दिवस घराचाच क्रम चालतो. तेव्हां रोजच्या स्वयंपाकाविषयीं लिहिलेल्या पुस्तकाला हा उलटा प्रवास कितपत ठाऊक आहे, हाच त्याच्या परीक्षेंतला पहिला प्रश्न असावयास हवा.

पाकशास्त्राची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त अन्नाचें सविस्तर वर्णन येतें. परंतु तें राजाच्या उपभोगाचें वर्णन होय, आणि राजाला बाजारांत जावें लागत नाहीं. सतराव्या शतकांतील रघुनाथ गणेश नवहस्त यांचें 'भोजनकुतूहल' अन्नद्रव्यांचे गुणदोष आयुर्वेदाच्या अंगानें सांगतें. मराठींत छापून निघालेल्या पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें १८७५ सालचें 'सूपशास्त्र' अगदीं आरंभीचें. पुढें १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें हजार पाकक्रियांचें 'गृहिणी-मित्र' आलें. हीं दोन नांवें शेजारीं ठेवून पाहावींत. पुरुषानें लिहिलें तें 'शास्त्र' झालें, स्त्रीनें लिहिलें तें 'मित्र' झालें; पस्तीस वर्षांत ग्रंथकर्ता व्यासपीठावरून उतरून चुलीपाशीं येऊन बसला. त्यानंतर साठ वर्षांनीं, १९७० सालीं, 'रुचिरा' आली आणि घरोघर गेली. पुण्याची मंडई १८८६ सालची, म्हणजे 'सूपशास्त्रा'हून अकरा वर्षांनीं धाकटी. पाकग्रंथ आणि मंडई हीं एकाच पिढीचीं भावंडें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु वर पदार्थाचें नांव, त्याखालीं साहित्य आणि त्याखालीं कृति, असा जो सांचा आज रूढ आहे, त्यांत मंडईला शिरावयास दार नाहीं.

सांच्याचा दोष सांगण्यापूर्वीं 'रुचिरे'चें ऋण मान्य करणें न्यायाचें होईल. तोळा-शेराचें वजन आणि 'अंदाजानें' हा शब्द या दोन टोकांच्या मधें कमलाबाईंनीं वाटी आणि चमचा हीं मापें आणलीं. ज्या काळांत मोठीं घरें विभागून शहरांतल्या दोन खोल्यांत नवीं बिऱ्हाडें थाटलीं जात होतीं, आणि शेजारीं उभी राहून सांगणारी आई वा सासू तेथें नव्हती, त्या काळांतल्या वाचकाची नेमकी अडचण त्यांनीं ओळखली. वाटी लहान असो वा मोठी, सर्व जिन्नस एकाच वाटीनें मोजले कीं प्रमाण चुकत नाहीं. म्हणजे हें माप घरागणिक बदलतें आणि तरीही खरें राहतें. वृत्ताचें असेंच असतें. म्हणणाऱ्याचा आवाज चढा असो वा उतरता, मात्रांचें परस्परांशीं नातें कायम राहतें.

पाकवाङ्मयाचा दुसरा गुण त्याच्या गद्याचा आहे. 'दहा मिनिटें परतावें' हें वाक्य घड्याळाचें झालें. 'कडेनें तेल सुटूं लागेपर्यंत परतावें' हें डोळ्यांचें. आपली शेगडी किती तापते आणि आजचा कांदा किती ओला आहे, हें घड्याळाला कळत नाहीं. रव्याचा सुटलेला वास, पाकाची तार, मोहरीचें तडतडणें, भाकरीचा फुगून आलेला पापुद्रा हीं सारीं लक्षणें होत, आणि लक्षण नेमकें सांगणें हेंच शास्त्रकाराचें काम. परतणें, भाजणें, वाफविणें, आटविणें, घोटणें, मुरविणें या क्रियापदांमधील भेद चांगल्या पाककृतींत जितका कांटेकोर पाळला जातो, तितका आमच्या कथालेखकांनीं आपल्या क्रियापदांत पाळला तर मराठी गद्याचें कल्याण होईल.

उणीव आहे ती कृतीच्या आधींची आणि कृतीच्या नंतरची. आधीं काय घ्यावें व मागाहून उरलेल्याचें काय करावें, हें सांच्यांत बसत नाहीं. तें ज्ञान मग राहतें कोठें? त्याचें उत्तर मला आमच्याच प्रतींत सांपडलें. ती प्रत माझ्या आईची. तिच्या समासांत दोन हस्ताक्षरें आहेत: आईचें शिसपेन्सिलीचें आणि पत्नीचें निळ्या शाईचें. तीस वर्षें तें पुस्तक डोळ्यांसमोर असून मीं तें कधीं उघडलें नव्हतें. आतां कणीक मळून होईपर्यंत मी तें एखाद्या जुन्या पोथीवरील भाष्याप्रमाणें वाचूं लागलों. वांग्याच्या भाजीशेजारीं आईनें लिहिलें आहे: "वांगें हातांत हलकें लागावें. जड असलें कीं बिया." त्याखालीं निळ्या शाईंत: "दिवे लागल्यावर निम्म्या भावांत." दोडक्यापाशीं: "शिरा टाकूं नयेत, तीळ घालून चटणी." अळूपाशीं: "देंठ निराळे ठेवणें, उद्यां देंठी." एका मेजवानीच्या पदार्थावर आईनें आडवी रेघ मारून एवढेंच लिहिलें आहे: "पाहुणे असतील तरच." मूळ ग्रंथ पदार्थ सांगतो, समास घर सांगतो. दोन बायकांनीं चाळीस-पन्नास वर्षांत मिळून एक दुसरेंच पुस्तक लिहिलें होतें, आणि त्याची प्रत एकच होती.

हें ज्ञान केवळ सुशिक्षित घरांच्या समासांत आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पावसाच्या तोंडाशीं ठाणें-पालघरकडील बाजारांत आदिवासी बाया शेवळें विकावयास आणतात, आणि त्यांबरोबर काकडाचीं आंबट फळेंही देतात. तीं न घालतां भाजी केली तर घसा खाजतो. मालाबरोबर त्याची कृति आणि त्यावरील उताराही देणारी ही विद्या कोणत्याही छापील पुस्तकाहून पुरातन आहे. जागच्या जागीं पिकणारें, त्या ऋतूचें आणि म्हणून परवडणारें अन्न ओळखण्याची किल्ली अशा विक्रेत्यांच्या जिभेवर आहे. आपण मात्र वेष्टनावरील छापील मजकूर वाचूं लागलों आहों.

समासांतल्या एका टिपेपाशीं मी बराच वेळ थांबलों. पालेभाजीच्या कृतीशेजारीं निळ्या शाईंत लिहिलें होतें: "स्वस्त, पण एक तास. रविवारींच." त्या आठवड्यांत मीं भाजीवालीच्या सल्ल्यानें चवळईच्या दोन जुड्या आणल्या होत्या. निवडणें, तीन पाण्यांतून धुणें, चिरणें यांत माझा तासाहून अधिक वेळ गेला आणि ताटांत पडली ती दोन मुठी भाजी. 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ त्या दिवशीं माझ्यापुरता बदलला. पैशांत वाचलेलें वेळांत फेडावें लागतें. आणि आमच्या घरांत तो वेळ कोणाच्या खात्यांतून जात होता, हें मीं तीस वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें. साधें, घरचें, ताजें अन्न यांचा गौरव करणारे लेख मीं स्वतः लिहिले आहेत. ते लिहीत असतां आंतल्या खोलींत कोणी तरी भाजी निवडीत होतें. पुस्तकांत साहित्याच्या यादींत तेल, मीठ, हिंग यांबरोबर हा तासही छापला गेला पाहिजे, अशी माझी सूचना आहे. आणि तो कोणीं द्यावयाचा हें घरांतल्या सर्वांनीं बसून ठरवावें.

येथें एका निराळ्या पुस्तकाचा निर्देश अवश्य आहे. शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठवाड्यांतील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीचा हा लेखाजोखा आहे, आणि त्याच्या नांवांतल्या एका अक्षरानेंच आपल्या पंगतींतल्या सुभाषिताला प्रत्युत्तर दिलें आहे. जें दर्जेदार तें इतरांचें आणि जें उरलें तें आपलें, अशा व्यवस्थेंत कशावर दिवस काढावे लागले, हें या पुस्तकांत पाककृतींच्या रूपानें येतें. वर मीं ज्या कसोटीची मागणी केली, तिला तें उतरतें. कारण तेथें पदार्थ कोठून आला हा प्रश्न पदार्थाच्या चवीआधीं येतो. परंतु तें वाचल्यावर माझ्याच कसोटींतला एक कच्चेपणा मला दिसला. माझ्या आईनें दोडक्याच्या शिरा ठेवल्या तो तिचा विवेक होता. मनांत आणलें असतें तर त्या टाकून देणेंही तिला परवडलें असतें. ज्यांना दुसरें कांहीं मिळूंच दिलें नाहीं, त्यांच्या काटकसरीला विवेक म्हणून गौरविणें ही क्रूर थट्टा होईल. 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' या नांवाखालीं आपण ज्या थोड्या घरांच्या चुली मोजल्या, त्यांपलीकडच्या चुलींवर काय शिजत होतें, हेंही आपल्या पाकवाङ्मयानें सांगावयास हवें होतें. तें सांगण्यास एवढा काळ लागला, याचा दोष पाककृती लिहिणाऱ्या बायांहून आम्हां समीक्षकांकडे अधिक जातो. आम्हीं हें वाङ्मयच मानलें नाहीं.

कोणी म्हणेल, बाजार आणि उरलेंसुरलें यांचें ज्ञान पुस्तकांतून मिळावयाचें नसतें, तें घरांत पाहून येतें. एके काळीं हें खरें होतें. आज मुलें अठराव्या वर्षीं घर सोडतात, आणि त्यांत मुलगे व मुली असा भेद उरला नाहीं. माझी मुलगी आईला दूरध्वनि करते तेव्हां कृति कधीं विचारीत नाहीं. कृति तिला हवी तितकी, चित्रांसह, हातांतल्या यंत्रावर मिळते. तिचे प्रश्न निराळे असतात. अर्धा भोपळा उरला आहे, तो परवांपर्यंत टिकेल काय? कोथिंबिरीच्या काड्या टाकूं कीं वाटणांत घालूं? रात्रीं आठ वाजतां घरीं आल्यावर अर्ध्या तासांत काय होईल? या प्रश्नांना क्रमवार उत्तर देणारें, महिन्यांच्या आणि बाजाराच्या अनुक्रमानें रचलेलें, पैसा आणि वेळ दोन्ही मोजणारें पुस्तक मराठींत लिहिलें जावें. त्याचें बरेंचसें साहित्य घरोघरच्या समासांत आणि भाजीवाल्यांच्या बोलण्यांत तयार आहे. तें गोळा करणाऱ्यानें मात्र सर्व आळ्यांतून हिंडलें पाहिजे.

पत्नीचा हात आतां बरा झाला आहे. बुधवार आणि शनिवार मीं माझ्याकडे ठेवले आहेत. यांत उपकार कांहीं नाहीं, मागील बाकीचा हा अल्प हप्ता आहे. परवां समासांत तिसरें हस्ताक्षर उमटलें. चवळईच्या ओळीखालीं मीं लिहिलें: "दोघांनीं निवडल्यास पाऊण तास." पत्नीनें तें वाचलें आणि त्याखालीं शुद्धिपत्र जोडलें: "एकानें बोलत बसल्यास दीड."